गुरांचा सर्रा आणि माणसाचे रक्त

नेर-दारव्हा या आमच्या भागात गोठा आणि घर यांच्यात पुष्कळदा एका भिंतीचेच अंतर असते. तरीही गुरांचा ‘सर्रा’ माणसाला बाधत नाही, असे वैद्यकशास्त्र शतकाहून अधिक काळ मानत आले. या रोगाचा परजीवी ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने १८८० साली डेरा इस्माईलखान येथे घोड्या-उंटांच्या रक्तात पाहिला. घोडमाशी चावते, तेव्हा तो एका जनावरातून दुसऱ्यात जातो.

२००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील सिवनी गावच्या एका शेतकऱ्याला अनेक महिने चढउताराचा ताप येत होता. त्याच्या रक्तात हाच परजीवी सापडला. आफ्रिकेतील निद्रारोगावरचे सुरामिन देऊन त्याला बरे केले गेले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे प्रकरण जगापुढे मांडले. जनावराचे रक्त जखमेत गेले असावे, असा त्यांचा तर्क होता.

पण यालाच का? उत्तर २००६ मध्ये मिळाले. माणसाच्या रक्तातील एपीओएल-१ हे प्रथिन या परजीवीला मारते. या शेतकऱ्याच्या त्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष होत्या, त्यामुळे त्याच्या रक्तात ते प्रथिनच नव्हते. गावातील १८०६ जणांची तपासणी झाली. काहींच्या रक्तात संपर्काच्या खुणा होत्या, परजीवी मात्र एकातही आढळला नाही.

असा माणूस वरून ओळखू येत नाही. म्हणून लांबलेला ताप घेऊन आलेल्या शेतकऱ्याला त्याच्या गुरांविषयीही विचारावे आणि त्याच्या रक्ताची काचपट्टी नीट पाहावी, एवढे सिवनीने शिकवले.