रोजचा सोमवार

घरातून मासळी, अंडी आणि दूध बंद करायचे आम्ही नवरा-बायकोने ठरवले, तेव्हा मला बावन्नावे सरले होते. निमित्त रक्ततपासणीच्या कागदाचे. ऐंशी ओलांडलेल्या आईला सांगितले. तिने शांतपणे विचारले, "म्हणजे रोज सोमवार?" मग जरा वेळाने, "आणि दूधसुद्धा नाही? कुठला पंथ घेतलास, बाबा?"

हसू आले, पण प्रश्न डोक्यातून जाईना. कारण गोव्यात जेवण बदलणे ही केवळ पोटाची गोष्ट कधीच नव्हती.

विहिरीत पाव टाकला, लोक नकळत पाणी प्यायले आणि अख्खा गाव बाटला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. ती कुठल्या गावात खरोखर घडली हा भाग वेगळा. पण एका घासाने माणूस आपल्यांतून उठतो ही समजूत दोन्ही बाजूंना मान्य होती, बाटवणाऱ्यांनाही आणि वाळीत टाकणाऱ्यांनाही.

गोव्यात इन्क्विझिशन १५६० साली आले आणि मधली थोडी वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत राहिले. अ. का. प्रियोळकरांचे त्यावरचे इंग्रजी पुस्तक १९६१ साली निघाले. त्यात १७३६ चा एक हुकूमनामा आहे. धर्मांतरित घरांनी काय काय करू नये, याची ही लांबलचक यादी. दारात तुळस लावू नये, एकादशीचा उपास धरू नये आणि भात मीठ न घालता शिजवू नये! हिंदू लोक भात अळणी शिजवतात व मीठ मागाहून घेतात, म्हणून तीही खूण पुसायची. यावरून एवढे मात्र कळते की, देव बदलून पिढ्या उलटल्या तरी त्या घरांतल्या चुलीवर भात अळणीच शिजत होता. त्या रात्री मी आमच्या भाताच्या टोपाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिले. आमच्याकडे आजही भातात मीठ पडत नाही, ते पानात वाढतात.

गार्सिया द ओर्ताची गोष्ट याहून चटका लावणारी. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूपी ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. आपल्या भिरंडांची, म्हणजे कोकमांची, नोंद त्यात आहे. पोर्तुगीजांनी त्यांना ‘ब्रिंदांव’ केले होते. ओर्ता मूळच्या ज्यू घराण्यातला. त्याच्या देशात कोण डुकराचे मांस टाळतो यावर पाळत असे, कारण तो लपून ज्यू धर्म पाळण्याचा पुरावा ठरे. तो १५६८ मध्ये वारला, आणि १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळण्यात आली. पानात काय घेता आणि काय टाळता, याची अशी झडती घेणारा तो काळ.

त्याच काळात पोर्तुगीज गलबतांतून मिरची आली, काजू आला, अननस आला. या परक्यांना मात्र कोणी वाळीत टाकले नाही. मिरचीवाचून आज आमचे एक वाटण होत नाही. श्राद्धाच्या स्वयंपाकात आई अजून बटाटा घेत नाही, तिखटाला मिरीच घेते. जुनी स्मृती तेवढ्याच कोपऱ्यात शिल्लक आहे.

आता आमच्या ‘रोजच्या सोमवारा’कडे. गोव्यातला मासे खाणारा हिंदू सोमवारी, संकष्टीला, श्रावणात शिवराक जेवतो. हा ‘शिवराक’ शब्द मला तरी जैनांच्या ‘श्रावका’शी नाते सांगणारा वाटतो. बांदिवड्याला आणि कुडण्याला जैन देवळांचे अवशेष आहेत, तेव्हा ते अशक्य नाही. मी कागद घेऊन शिवराक पदार्थ लिहायला बसलो. मुगागाठी, अळसांद्यांचे तोंडाक, खतखते, अंबाड्यांचे सासव, निरफणसाच्या कापा, सोलकढी. गोडात पातोळ्या आणि मणगणे. लिहिता लिहिता लक्षात आले की यात दुधाचा थेंब नाही! दुधाचे काम नारळाचा रस करतो. इंग्लंडात १९४४ साली ‘व्हीगन’ हा शब्द घडवला गेला. तोवर आमच्या आज्या न सांगता तसे कितीतरी सोमवार रांधून गेल्या होत्या. (बी-१२ जीवनसत्त्वाची गोळी तेवढी घ्यावी लागते. तिथे आज्यांचा उपयोग नाही, त्या मंगळवारी बांगडे खात.)

सोपे गेले असे म्हणणार नाही. चहा सहा महिने बेचव लागला. रविवारी पाय आपोआप मासळीबाजाराकडे वळत. खरा सल होता तो आईचा. तिच्या हातचे हुमण मी नाकारतो, म्हणजे तिलाच नाकारतो असे तिला वाटत होते. जेवायला ती आमच्याबरोबर बसेनाशी झाली. "तुमचे होऊ दे आधी" म्हणायची. सुनेशी त्यावरून चार शब्द वाकडेही झाले.

गेल्या पावसाळ्यात एका बुधवारी दुपारी घरात तिरफळांचा वास दरवळला. मी दचकून स्वयंपाकघरात गेलो. आईने बांगड्याच्या हुमणाचे वाटण जसेच्या तसे केले होते, भिरंडाची सोले घातली होती, तिरफळे ठेचून टाकली होती. टोपात डाव घालून पाहिले तर निरफणसाच्या फोडी.

"मीठ बघ," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच स्वतःचेही पान आमच्या पानांशेजारी मांडले.