समान पुस्तके, असमान शिक्षण

भाषाच न कळणाऱ्या बालकास शाळेत केवळ प्रवेश दिल्याने शिक्षण लाभते काय? अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांच्या वतीने हा प्रश्न १९७० साली न्यायालयापुढे मांडला गेला.

तेथील शाळांतील इंग्रजी न येणाऱ्या २,८५६ चिनी विद्यार्थ्यांपैकी सुमारे १,००० जणांना इंग्रजीचे पूरक शिक्षण मिळे. उरलेले सुमारे १,८०० विद्यार्थी वर्गात बसत. परंतु शिकविलेले त्यांना उमगत नसे. खालच्या दोन्ही न्यायालयांनी त्यांची मागणी अमान्य केली.

तरीही लढा थांबला नाही. २१ जानेवारी १९७४ रोजी ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या आधारे एकमताने विद्यार्थ्यांच्या बाजूने निर्णय दिला. तीच पुस्तके, तेच शिक्षक व तोच अभ्यासक्रम दिल्याने समान वागणूक होत नाही, असे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी स्पष्ट केले. त्याच वर्षी भाषेचा अडसर दूर करण्याची जबाबदारी कायद्याने शाळांवर आली.

मात्र शिकवावे कसे, हे न्यायालयाने ठरविले नाही. त्यामुळे वाद चालूच राहिला. कॅलिफोर्नियात १९९८ च्या सार्वमताने मातृभाषेच्या आधारे शिकविण्यावर निर्बंध आले. २०१६ च्या सार्वमताने ते दूर झाले.

एकाच मापाचे वस्त्र सर्वांस बेतता येत नाही. विद्यादानाचेही तसेच आहे. घेणाऱ्याच्या ओंजळीत पोहोचते, तेच खरे दान होय.