विद्यार्थी-खेळाडूंचा मोबदला (वसई-विरार)

शाळा, महाविद्यालय किंवा विद्यापीठाच्या संघातून खेळणाऱ्या विद्यार्थ्याला त्या खेळाबद्दल मिळणारा रोख अथवा अन्य लाभ. फीमाफी, शिष्यवृत्ती, राहण्या-जेवणाची सोय, क्रीडासाहित्य, परीक्षेतील वाढीव गुण, राखीव जागेवरील प्रवेश आणि पुढे मिळणारी नोकरी हे सारे यात मोडते. प्रस्तुत नोंद वसई-विरार शहर महानगरपालिकेचा (स्था. 3 जुलै 2009) परिसर आणि 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झालेला पालघर जिल्हा यांपुरती आहे. क्रिकेटविषयीचा छापील मजकूर मुबलक आणि इतर खेळांविषयीचा तुटपुंजा असल्याने नोंदीचा कल क्रिकेटकडे झुकलेला आहे.

पार्श्वभूमी : हा प्रश्न जगभर गाजला तो अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमुळे. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने (एनसीएए, स्था. 1906) खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे पैसे घेण्यास दीर्घकाळ मनाई केली होती. दूरचित्रवाणीचे हक्क मात्र अब्जावधी डॉलरना विकले जात होते. सप्टेंबर 2017 मध्ये एफबीआयच्या तपासानंतर चार विद्यापीठांचे साहाय्यक प्रशिक्षक आणि आदिदासचा एक अधिकारी यांच्यासह दहा जणांना अटक झाली. नामवंत शाळकरी खेळाडूंनी ठरावीक विद्यापीठ किंवा ठरावीक सल्लागार निवडावा म्हणून पैसे फिरवल्याचे आरोप होते. लुइव्हिल विद्यापीठाचे प्रशिक्षक रिक पिटिनो यांना पद गमवावे लागले. 21 जून 2021 रोजी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एकमताने संघटनेच्या विरोधात निकाल दिला आणि त्याच वर्षी 1 जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नाव-प्रतिमेवर कमावण्याची मुभा मिळाली. जून 2025 मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली.

भारतात कमाईवर अशी बंदी नव्हती आणि नाही. पूर्ण वेळ नोकरीत असलेल्याला आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरता येत नाही, एवढीच काय ती आडकाठी. आयपीएलमध्ये कमावणारा मुलगा विद्यापीठाकडून खेळू शकतो. येथील वाद त्यामुळे ‘द्यावे की नाही’ असा नसून ‘कोणी, कशाच्या बदल्यात आणि कोणत्या कागदावर’ असा आहे. निदान तसा असायला हवा.

शालेय क्रिकेट आणि मुलांची निवड : मुंबई परिसरात खेळाडू हेरण्याचे काम महाविद्यालयाच्या बरेच आधी, शाळेच्या पातळीवर होते. हॅरिस ढाल (14 ते 16 वर्षांची मुले) आणि जाइल्स ढाल (त्याहून लहान) या स्पर्धा त्यासाठी पाहिल्या जातात. सचिन तेंडुलकर वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रमात गेला तो प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांच्या सल्ल्याने. रोहित शर्माची दरमहा 275 रुपये फी बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेने माफ केली, ती प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या शब्दावरून. या दोन्ही घटना आज कौतुकाने सांगितल्या जातात. अमेरिकी नियमांच्या चष्म्यातून पाहिल्यास दुसऱ्या घटनेची चौकशी झाली असती.

पालघरचा शार्दूल ठाकूर (जन्म 16 ऑक्टोबर 1991) याची नोंद या संदर्भात महत्त्वाची. तारापूरच्या शाळेकडून खेळताना त्याने लाड यांच्या संघाविरुद्ध चमक दाखवली. लाड यांनी त्याला बोरिवलीला आणायचे ठरवले. पालघरहून रोजचा प्रवास शक्य नसल्याने त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतले. तेथूनच खेळताना हॅरिस ढालीत त्याने एका षटकात सहा षटकार मारले. शाळेने प्रवेश दिला, प्रशिक्षकाच्या घराने जेवण आणि अंथरूण दिले. करार कोणताच नव्हता. लाड यांना 2022 साली जीवनगौरव गटात द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

पृथ्वी शॉ (जन्म 9 नोव्हेंबर 1999) विरारचा. विरार ते चर्चगेट हे अंतर 60 किलोमीटर. सकाळच्या गर्दीत भरलेल्या लोकलमध्ये स्वतःच्या उंचीएवढे किट घेऊन चढणारा मुलगा आणि त्याच्यामागे डबा सांभाळत शिरणारे वडील हे दृश्य विरार, नालासोपारा, वसई या तिन्ही फलाटांवर नवे नाही. शॉ वांद्र्याच्या रिझवी स्प्रिंगफिल्ड शाळेत गेला. परगावच्या होतकरू फलंदाजांना प्रवेश देण्याबद्दल या शाळेची ख्याती होती. सरफराज खान आणि अरमान जाफर हेही तिचेच. 2010 च्या सुमारास एका मनोरंजन कंपनीच्या करारामुळे शॉ व त्याच्या वडिलांना मुंबईत मुक्काम हलवता आला. नोव्हेंबर 2013 मध्ये आझाद मैदानावर सेंट फ्रान्सिस डी असिसी शाळेविरुद्ध त्याने 330 चेंडूंत 546 धावा केल्या. पुढे क्रीडासाहित्याच्या एका कंपनीशी त्याचा करार झाला. वृत्तपत्रांत 36 लाख रुपये हा आकडा छापून आला; तो सर्वस्वी रोख होता की साहित्यासह, याविषयी एकवाक्यता नाही. शाळकरी मुलाच्या बॅटवरील स्टिकरला किंमत येते हे मात्र यानंतर वसई-विरारमधील पालकांना ठाऊक झाले. फेब्रुवारी 2018 मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने 19 वर्षांखालील विश्वचषक जिंकला आणि त्याच वर्षी दिल्लीच्या आयपीएल संघाने 1.2 कोटी रुपये मोजले.

आयुष म्हात्रे (जन्म 16 जुलै 2007) हाही विरारचा. नोव्हेंबर 2024 च्या आयपीएल लिलावात त्याला कोणी घेतले नाही. त्यानंतर पाचेक आठवड्यांनी, 31 डिसेंबर रोजी, विजय हजारे करंडकात नागालँडविरुद्ध त्याने 117 चेंडूंत 181 धावा काढल्या. एप्रिल 2025 मध्ये जायबंदी ऋतुराज गायकवाडच्या जागी चेन्नईने त्याला 30 लाखांत करारबद्ध केले.

या तिघांच्या कथा यशाच्या आहेत म्हणूनच छापल्या गेल्या, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. याच्या उलट बाजूची नोंद कल्याणच्या प्रणव धनावडेची. जानेवारी 2016 मध्ये भंडारी चषकात त्याने नाबाद 1009 धावा केल्यावर मुंबई क्रिकेट असोसिएशनने दरमहा 10,000 रुपये शिष्यवृत्ती जाहीर केली. पुढे धावा आटल्या. 2017 मध्ये ही मदत थांबवावी, असे वडिलांनीच संघटनेला कळवले. मोबदला कामगिरीचा की शिक्षणाचा, हे आधी ठरलेले नसले की त्याचे ओझे शेवटी मुलाच्या डोक्यावर येते.

महाविद्यालयीन पातळी : वसई-विरारमधील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या (स्था. 1857) कक्षेत येतात. खेळाडूंच्या पदरात येथे पडतो तो प्रवेश, फीमधील सवलत आणि हजेरीतील सूट. दहावी-बारावीच्या मंडळाकडून खेळाच्या स्तरानुसार कमाल 25 वाढीव गुण मिळतात. विद्यापीठाच्या अध्यादेशातही वाढीव गुणांची तरतूद आहे. सामना असला की प्रवासभत्ता, जेवणाचे पैसे आणि निवड झाल्यास ब्लेझर. रोहिंटन बारिया करंडकासारख्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत (1935-36 पासून) खेळणाऱ्याचीही गत फारशी वेगळी नाही.

तुलनेसाठी : भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने सप्टेंबर 2021 मध्ये जाहीर केलेल्या दरांनुसार 19 वर्षांखालील संघातील खेळाडूला दिवसाला 20,000, तर 23 वर्षांखालील संघातील खेळाडूला 25,000 रुपये मिळू लागले. वर्ग तोच, बाक तोच. राज्य संघातून खेळणारा एका सामन्यात वर्षाच्या फीहून अधिक कमावतो आणि महाविद्यालयासाठी उन्हात दिवसभर गोलंदाजी करणारा वडापाव खाऊन विरार लोकल पकडतो.

महाविद्यालये खेळातून काहीच कमावत नाहीत, मग द्यायचे कोठून, असा युक्तिवाद केला जातो. तो अर्धाच खरा आहे. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना तिकीट नसते, प्रक्षेपण नसते. परंतु महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनातील पाचव्या निकषात विद्यार्थ्यांनी क्रीडास्पर्धांत मिळवलेली पदके मोजली जातात आणि प्रवेशाच्या दिवसांत फाटकावरच्या फ्लेक्सवर त्याच खेळाडूंची छायाचित्रे झळकतात. ही मिळकत रोख नाही एवढेच.

खेलो इंडिया : 2018 पासून निवडक खेळाडूंना आठ वर्षांपर्यंत साहाय्य. त्यात दरमहा 10,000 रुपये हातखर्च थेट खेळाडूला मिळतो. शिक्षणसंस्थेच्या मर्जीवर अवलंबून नसलेली ही देशातील एक मोठी योजना म्हणता येईल. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा 2020 मध्ये भुवनेश्वर येथे सुरू झाल्या.

गैरप्रकार : अमेरिकेत खेळाडूला चोरून पैसे दिल्याने घोटाळा झाला, महाराष्ट्रात घोटाळा होतो तो कागदाचा. कारण येथे खरा मोबदला नोकरीत आहे. शासकीय सेवेत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे (शासननिर्णय 30 एप्रिल 2005, सुधारित 1 जुलै 2016). प्रमाणपत्राला नोकरीची किंमत आल्यावर प्रमाणपत्राचा बाजार होणे ओघाने आलेच. ट्रॅम्पोलिन, टंबलिंग यांसारख्या फारशा न खेळल्या जाणाऱ्या प्रकारांची बनावट प्रमाणपत्रे सादर करून नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे राज्यात उघडकीस आली आणि पडताळणी कडक झाली. प्रामाणिक खेळाडूंनाही त्यामुळे पडताळणीसाठी खेटे घालावे लागतात. दुसरा प्रकार वयचोरीचा. मनगटाच्या क्ष-किरण तपासणीवर आधारित वयनिश्चिती क्रिकेट मंडळाने स्वीकारली. 2020 मध्ये स्वतःहून खरे वय सांगणाऱ्यांना माफी व न सांगणाऱ्यांना दोन वर्षांची बंदी, अशी योजना आणली. या दोन्ही प्रकारांत वसई-विरारचा वाटा किती, यावर येथे भाष्य केलेले नाही.

कबड्डी : 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून महाविद्यालयीन वयातील चढाईपटूंना लिलावाचा मार्ग खुला झाला. त्याआधी बँका, रेल्वे व कंपन्यांच्या संघांतील नोकरी हेच साध्य असे.

बास्केटबॉल : मुंबईतील केंद्र नागपाडा, तेथील गुलाम अब्बास मुंतसिर यांना 1970 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. उपजीविका प्रामुख्याने रेल्वे, बँका व तेल कंपन्यांच्या संघांवर. 2025 मध्ये झालेल्या 25 वर्षांखालील खेळाडूंच्या व्यावसायिक लीगमध्ये मुंबई टायटन्स हा संघ होता.

फुटबॉल : स्वतंत्र नोंद पाहावी.

मूल्यमापन : विद्यार्थी-खेळाडूला मोबदला द्यावा, याला येथील क्रीडावर्तुळात उघड विरोध आढळत नाही. अभ्यासाकडे दुर्लक्ष होईल, ही शंका शिक्षक व्यक्त करतात आणि ती निराधार नाही. परंतु आजची व्यवस्था अभ्यासही सांभाळत नाही. फीमाफी तोंडी असते. मुलगा जायबंदी झाला किंवा पुढच्या वर्षी संघातून वगळला गेला, की ती चालू राहील याची हमी नसते. प्रवेशाच्या वेळीच सवलतीची रक्कम, तिची मुदत, दुखापतीच्या उपचाराचा खर्च आणि बुडालेल्या परीक्षेची सोय लिहून दिली, तर निम्मे वाद उद्भवणारच नाहीत. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. महाविद्यालयाच्या लेटरहेडवरील सहीशिक्क्याचे एक पत्र पुरते.