पहिल्या रात्रीचे छप्पर : मुंबईत उतरणाऱ्या प्रवाशाचा इतिहास

महानगरात नव्याने आलेल्या माणसाचा पहिला दिवस म्हणजे स्थळे पाहण्याचा दिवस, ही कल्पना फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकातील मुंबईत परगावाहून आलेला माणूस व्यापारासाठी आलेला असो, तीर्थयात्रेच्या वाटेवर असो वा केवळ शहर पाहण्याच्या हौसेने आलेला असो, दिवस मावळण्यापूर्वी त्याला एकच प्रश्न सोडवावा लागे, तो म्हणजे रात्री पाठ टेकायची कोठे. या प्रश्नाचे उत्तर शहराने प्रत्येकाला निरनिराळे दिले, आणि ते बहुतांशी त्याच्या खिशातील पैशांवर नव्हे, तर त्याचा वर्ण, धर्म, जात आणि मुलूख यांवर ठरत असे.

मुंबईत शिरण्याच्या वाटाही अशाच विभागलेल्या होत्या. विलायतेहून येणारा साहेब अपोलो बंदरावर, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या पालवा बंदरावर उतरे, तर कोकणातून गलबताने आणि पुढे आगबोटीने येणारा माणूस लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य यांनी उभारलेल्या आणि त्यांच्या ‘भाऊ’ या नावानेच ओळखल्या गेलेल्या भाऊच्या धक्क्यावर पाय ठेवी. तिसरी वाट लोहमार्गाची होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली, १८६३ मध्ये भोर घाटातील मार्ग खुला झाला, १८७० मध्ये जबलपूर येथे मुंबईचा मार्ग कलकत्त्याच्या मार्गाला जोडला गेला, आणि १८६९ मध्ये सुएझ कालवा वाहतुकीस खुला झाल्याने मुंबई हे युरोपातून येणाऱ्यांचे हिंदुस्थानातील पहिले दार बनले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाच्या व्यापाराला आलेल्या तेजीत हे शहर इतके फुगले, की १८६४ च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. एवढ्या गर्दीत नवख्या माणसाला निवारा देण्यासाठी सरकारने फारसे काही केले नाही. ते काम दानशूर व्यापाऱ्यांनी, जातिसंस्थांनी आणि नफा पाहणाऱ्या हॉटेलवाल्यांनी आपापल्या परीने केले.

साहेबांची सोय सर्वांत आधी झाली. काळा घोडा परिसरातील वॉटसन हॉटेलचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून, सुटे भाग जहाजाने आणून येथे जोडण्यात आला होता. मार्क ट्वेन १८९६ च्या जानेवारीत येथेच उतरला, आणि त्याच वर्षी ७ जुलैला ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे हिंदुस्थानात प्रथम दाखवली गेली तीही याच वास्तूत. मात्र या हॉटेलात युरोपीयांखेरीज कोणाला खोली मिळत नसे. जमशेदजी टाटांना येथे प्रवेश नाकारला गेला म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले, ही सर्वतोमुखी असलेली कथा अभ्यासकांना शंकास्पद वाटते. निर्विवाद आहे ते एवढेच, की १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडलेल्या ताजमध्ये हिंदी पाहुण्यालाही जागा होती. आज ज्याच्या शेजारी ताज उभे आहे असे म्हटले जाते, ते ‘गेट वे ऑफ इंडिया’ त्यानंतर एकवीस वर्षांनी, १९२४ मध्ये खुले झाले.

देशी प्रवाशाची मोठी संख्या मात्र या झगमगाटापासून दूर, भुलेश्वर, काळबादेवी आणि सी. पी. टँक या भागांतील धर्मशाळांत सामावली जाई. धर्मशाळा म्हणजे पुण्यार्जनासाठी बांधलेले, ठरावीक दिवस विनामूल्य वा नाममात्र आकाराने राहू देणारे विश्रामस्थान, जेथे प्रवाशाने अंथरूण आणि शिधा आपला आणायचा आणि नाव, गाव, जात नोंदवहीत लिहून द्यायची, असा सर्वसाधारण रिवाज होता. मक्केच्या वाटेवर असलेल्या यात्रेकरूंसाठी मुसाफिरखाने होते. मराठी मध्यमवर्गीय पाहुण्याला क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरातील सरदारगृह आपलेसे वाटे. लोकमान्य टिळक मुंबईत आले की तेथे उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे देहावसान झाले तेही तेथेच. ज्याचे गाववाले गिरणगावात होते, तो थेट त्यांच्या खोलीचा दरवाजा ठोठावी आणि जेवण खानावळीत घेई.

राहण्याची सोय लागली की मगच शहर पाहणे सुरू होई. १८६३ मध्ये मूळचे गोव्याचे असलेले गोविंद नारायण माडगांवकर यांनी ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध केले, आणि बाजार, देवळे, तलाव, नाना जातींचे लोक यांची एवढी सविस्तर माहिती मराठी वाचकाला प्रथमच एका ग्रंथात मिळाली. ९ मे १८७४ पासून घोड्यांच्या ट्रामने कुलाब्याहून पायधुणीला जाता येऊ लागले, १९०७ मध्ये तीच ट्राम विजेवर धावू लागली, आणि मुंबादेवी, राणीचा बाग, वाळकेश्वर अशी ठिकाणे बाहेरगावच्या माणसाला एका दिवसात उरकता येऊ लागली.

परंतु दानधर्माने उभ्या राहिलेल्या या व्यवस्थेचा गौरव करताना तिच्या दारावरील अडसर विसरता येत नाही. वॉटसनने हिंदी माणसाला बाहेर ठेवले, तसेच धर्मशाळांनी अस्पृश्य मानलेल्या माणसाला बाहेर ठेवले, आणि दुसरी गोष्ट अधिक क्लेशकारक होती, कारण ती धर्माच्या नावाने चाले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेली वा चालवलेली पाणवठ्यांची ठिकाणे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, अशी त्याची शिफारस होती. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची पार्श्वभूमी म्हणून हा ठराव प्रसिद्ध आहे. त्यातील ‘धर्मशाळा’ या शब्दाकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. वास्तविक प्रवासातल्या पहिल्या रात्रीचे अपमान त्या एका शब्दामागे उभे आहेत. खासगी विश्वस्तांच्या धर्मशाळा या शिफारशीच्या कक्षेत येत नव्हत्या. हॉटेलांत आणि उपाहारगृहांत जात, धर्म वा वंश यांवरून प्रवेश नाकारण्यास राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने मनाई केली, ती १९५० मध्ये.

या इतिहासाची साधने हॉटेलांच्या चकचकीत स्मरणिकांत सापडणार नाहीत. कोण कोणत्या गावाहून आला, किती दिवस राहिला आणि कशासाठी आला, हे धर्मशाळांच्या आणि मुसाफिरखान्यांच्या नोंदवह्यांनी टिपले आहे. ज्या विश्वस्त संस्थांच्या कपाटांत अशा जुन्या वह्या अजून शिल्लक असतील, त्यांनी त्या रद्दीत न देता अभ्यासकांसाठी जपून ठेवाव्यात.