जुन्या रोहित्राची नामपट्टी

रोहित्राच्या टाकीवर बसवलेल्या, मूलभूत माहिती कोरलेल्या धातूच्या पट्टीस नामपट्टी म्हणतात. तिच्यावर क्षमता, दोन्ही बाजूंचे व्होल्टता व प्रवाह, वारंवारता, प्रतिशत संरोध, जोडणीचे चिन्ह, शीतनाची पद्धत, तेलाचे परिमाण आणि निर्मितिवर्ष असते. जुन्या रोहित्रावरील अक्षरे निर्मात्याचा देश व काळ यांनुसार बदलतात, त्यामुळे ती आजच्या संकेतांनुसार वाचल्यास चूक होऊ शकते.

जोडणीचे चिन्ह

‘डीवायएन ११’ या चिन्हातील मोठ्या लिपीतील पहिले अक्षर उच्चदाबाची गुंडाळी त्रिकोण जोडणीत असल्याचे दाखवते. लहान लिपीतील ‘वाय’ म्हणजे लघुदाबाची तारा जोडणी आणि ‘एन’ म्हणजे बाहेर काढलेला उदासीन बिंदू. अंक घड्याळाच्या तासाप्रमाणे वाचतात. प्रत्येक तास ३० अंशांचा असल्याने ११ या अंकानुसार लघुदाबाची व्होल्टता उच्चदाबाच्या ३० अंश पुढे असते. कलांतर जुळत नसलेली रोहित्रे समांतर जोडल्यास त्यांच्यात घातक प्रवाह वाहतो.

अग्रांच्या खुणा

जुन्या ब्रिटिश रोहित्रांवर उच्चदाबाच्या अग्रांना मोठ्या लिपीत ‘ए, बी, सी’ आणि लघुदाबाच्या अग्रांना तीच अक्षरे लहान लिपीत आढळतात. जर्मन पद्धतीत ‘यू, व्ही, डब्ल्यू’ ही अक्षरे याच रीतीने वापरतात. अमेरिकी रोहित्रांवर उच्चदाबासाठी ‘एच १, एच २, एच ३’ आणि लघुदाबासाठी ‘एक्स १, एक्स २, एक्स ३’ असते.

शीतनाची अक्षरे

आजच्या ‘ओएनएएन’ या संकेतातील अक्षरे अनुक्रमे आतील द्रव, त्याचे अभिसरण, बाहेरील माध्यम व त्याचे अभिसरण दर्शवतात. म्हणजेच आत तेल, त्याचे नैसर्गिक अभिसरण, बाहेर हवा व तिचेही नैसर्गिक अभिसरण. जुन्या ब्रिटिश पट्ट्यांवर हीच पद्धत केवळ ‘ओएन’ अशी लिहिलेली असते. पंख्याने हवा मारून थंड होणाऱ्या रोहित्रावर ‘ओबी’ असते. पूर्वीच्या आंतरराष्ट्रीय संकेतांत पहिले अक्षर ‘एल’ असल्यास आत न पेटणारा कृत्रिम द्रव असल्याचा अर्थ होत असे.

बाहेरून दिसणारे भाग

टाकीच्या वरील आडवे पिंप म्हणजे तेलाच्या प्रसरणासाठी असलेला कॉन्झर्व्हेटर. टाकी व कॉन्झर्व्हेटर यांना जोडणाऱ्या नळीवर बुखोल्झ रिले बसवतात. माक्स बुखोल्झ यांनी तो १९२१ मध्ये विकसित केला. आत दोष उद्भवल्यावर निर्माण होणारा वायू त्यात साठतो आणि धोक्याची सूचना मिळते. ब्रीदरमधील निळे सिलिका जेल दमट हवेने गुलाबी होते.

द्रवाची ओळख व सुरक्षितता

पायरॅनॉल, इनर्टीन, क्लोफेन किंवा अॅरोक्लोर यांपैकी एखादे नाव पट्टीवर असल्यास आतील द्रवात पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल (पीसीबी) असण्याचा प्रबळ संशय घ्यावा. ही संयुगे सहज पेटत नाहीत म्हणून वापरली गेली. मात्र ती पर्यावरणात दीर्घकाळ टिकतात, प्राण्यांच्या चरबीत साठतात आणि आरोग्यास अपायकारक ठरतात. हा द्रव पाण्यापेक्षा जड असतो, तर खनिज तेल पाण्यावर तरंगते. परंतु खनिज तेलाची पट्टी असलेले रोहित्रही निर्दोष मानता येत नाही, कारण गाळणी व भरणीच्या सामाईक यंत्रांतून त्यात पीसीबी मिसळलेले असू शकते. निश्चित निर्णय प्रयोगशाळेतील तपासणीनेच होतो.

स्टॉकहोम करारानुसार उपकरणांतील पीसीबीचा वापर २०२५ पर्यंत संपवण्याचे उद्दिष्ट ठरले. भारताने २००६ मध्ये या करारास मान्यता दिली. त्यामुळे जुने रोहित्र भंगारात काढण्यापूर्वी किंवा त्याचे तेल उपसण्यापूर्वी तेलाची तपासणी करणे आवश्यक असते.