सेल्फ स्टोरेज म्हणजे काय? सांगलीत कोणत्या भागाला सामानासाठी जागा लागते आणि का?

पावसाळ्यात सांगलीकर सकाळी उठल्यावर एक आकडा विचारतात. 'आयर्विनला किती फूट?'

१९२९ साली बांधून झालेल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी मोजली जाते. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोक्याची पातळी. २००५ च्या महापुरात पाणी जवळपास ५४ फुटांवर गेलं होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्याही पुढे गेलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५४ फूट ओलांडले.

या आकड्याबरोबर नदीकाठच्या घरात आणखी एक प्रश्न येतो. फ्रिज, कपाट, गाद्या, धान्य, शिलाई मशीन, दुकानातला माल... हे सगळं न्यायचं कुठं?

मोठ्या शहरांत या प्रश्नाला 'सेल्फ स्टोरेज' हे एक उत्तर आहे. पण हा प्रकार नेमका काय आहे? आणि सांगलीसारख्या शहरात त्याची गरज कुणाला, किती आणि कधी पडते? समजून घेऊया.

सेल्फ स्टोरेज म्हणजे काय?

सोप्या शब्दांत, सामानासाठी भाड्यानं घेतलेली खोली. एका मोठ्या इमारतीत लहान-मोठे कप्पे किंवा खोल्या केलेल्या असतात. तुम्ही हवी तेवढी जागा महिन्याच्या भाड्यानं घेता, कुलूप तुमचं लावता आणि ठरलेल्या वेळेत जाऊन सामान ठेवता किंवा काढता.

गोदाम आणि यात फरक आहे. गोदामात माल दुसऱ्याच्या ताब्यात जातो आणि त्याची पावती मिळते. सेल्फ स्टोरेजमध्ये किल्ली तुमच्याकडे राहते. मुंबई, पुणे, बंगळुरूमध्ये आणखी एक प्रकार चालतो. कंपनीची माणसं घरी येतात, सामान बांधतात, यादी करून घेऊन जातात आणि सांगाल तेव्हा परत आणून देतात.

सांगलीकरांना साठवणूक नवी आहे का?

अजिबात नाही. सांगली हे हळदीचं गाव. इथल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कृष्णा-वारणा संगमावरच्या हरिपूरमध्ये ही हळद जमिनीखालच्या पेवांत ठेवली जायची. पेव म्हणजे अरुंद तोंडाचा आणि आत रुंद होत जाणारा खोल खड्डा. माल भरला की तोंड मातीनं बंद करायचं. आत हवा खेळत नाही, म्हणून कीड लागत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते.

२००५ च्या महापुराचं पाणी या पेवांतही शिरलं आणि मोठं नुकसान झालं. पेवाची रचना चोख होती, कमी पडली ती जागा. साठवणुकीची सोय कितीही चांगली असली तरी ती किती उंचीवर आहे, हे आधी पाहावं लागतं.

कोणत्या भागाची गरज काय?

सांगली, मिरज आणि कुपवाड ही तीन गावं १९९८ मध्ये एका महापालिकेत आली. पण सामानाच्या बाबतीत त्यांचे प्रश्न वेगवेगळे आहेत.

सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोड, दत्तनगर, आरवाडे पार्क: शहरात पाणी आधी शिरतं ते या पट्ट्यात, अनेकदा धोक्याची पातळी गाठण्याआधीच. बरीच घरं बैठी. माळा असला तरी मोठ्या पुरात तो पुरत नाही. इथल्या कुटुंबांना जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत, म्हणजे साडेतीन महिने, लहान पण उंचावरची जागा हवी असते. भाडं परवडणं ही इथली पहिली अट.

सांगलीवाडी: आयर्विन पुलापलीकडचा हा भाग. पुराचं पाणी रस्त्यावर आलं की शहराशी संपर्क तुटतो. त्यामुळे सांगलीवाडीकरांनी विश्रामबागेत जागा घेतली तरी ऐन वेळी तिथं पोहोचता येईलच असं नाही. त्यांनी सामान लवकर हलवायला हवं, किंवा नदीच्या पश्चिमेलाच उंचावर जागा शोधायला हवी.

गणपती पेठ, हरभट रोड, मारुती चौक, टिळक चौक: ही बाजारपेठ. इथं घरापेक्षा दुकानाचा प्रश्न मोठा. राखी, गणपती आणि दसरा-दिवाळीचा माल भरण्याचे दिवस आणि कृष्णेच्या पुराचे दिवस जवळपास एकच. म्हणजे दुकान सर्वात भरलेलं असतं तेव्हाच धोका सर्वात जास्त असतो. तळघरात माल ठेवणाऱ्यांना तर पाणी रस्त्यावर यायच्या आधीच फटका बसतो. व्यापाऱ्यांना रोज माल काढता-ठेवता येईल आणि टेम्पो दारापर्यंत जाईल अशी जागा लागते.

शामरावनगर: इथं नदीला पूर नसतानाही पावसाचं पाणी साचून राहतं. त्यामुळे फक्त आयर्विनचा आकडा बघून चालत नाही. तळमजल्यावरचं सामान पावसाळाभर जमिनीपासून वर ठेवावं लागतं.

विश्रामबाग: विलिंग्डन महाविद्यालय आणि वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय याच भागात. खोली करून राहणाऱ्या विद्यार्थ्याला उन्हाळ्याच्या सुट्टीत गादी, पुस्तकं, सायकल ठेवायला दोन महिन्यांसाठी एक कपाटभर जागा हवी असते. हा भाग बहुतांशी उंचावर असल्यानं पूरपट्ट्यातल्या लोकांच्या सामानासाठीही सोयीचा ठरतो.

मिरज: सतार आणि तंबोऱ्यांचं गाव. मिरजेच्या या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वाद्यासाठी लागणारे सुकवलेले भोपळे वजनाला हलके, पण जागा भरपूर खाणारे. शिवाय एकावर एक दाबून रचता येत नाहीत. ओल तर त्यांना आणि लाकडालाही चालत नाही. इथली गरज कोरड्या, हवेशीर जागेची आहे.

कुपवाड: औद्योगिक वसाहतीमुळे इथं शेड आणि गोदामांची सवय आहे. पण मोठं शेड एका कुटुंबाला कधीच परवडणार नाही. तेच शेड दहा-वीस कप्प्यांत विभागलं तर ते लहान गिऱ्हाइकाच्या उपयोगाचं होईल.

सध्या लोक काय करतात?

वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडं ठेवतात, गच्चीवर ताडपत्री टाकून ठेवतात, विश्रामबाग किंवा मिरजेच्या नातेवाइकांकडं नेतात, नाहीतर चार घरांत मिळून एक गाळा भाड्यानं घेतात. आपुलकीवर चालणारी ही व्यवस्था बरंच काम करते. पण पाणी एकाच वेळी सगळ्यांच्या दारात येतं. त्या दिवशी टेम्पो मिळत नाही, मिळाला तर भाडं वाढलेलं असतं, आणि पाहुण्यांच्या घरात माणसांनाच जागा अपुरी पडते.

'सामान सोडून कसं निघायचं' या विचारात घर सोडायला उशीर होतो आणि मग बोटीची वाट पाहावी लागते. महत्त्वाचं सामान आधीच सुरक्षित असेल तर पिशवी उचलून वेळेत निघणं सोपं जातं. सामानाच्या जागेचा प्रश्न म्हणूनच माणसांच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

जागा किती लागते आणि परवडते का?

ढोबळ अंदाज असा. एका खोलीचं सामान नीट रचलं तर साधारण २५ ते ३० चौरस फुटांत बसतं. वन बीएचके घराला ५० ते ७५, तर टू बीएचकेला १०० चौरस फुटांच्या आसपास जागा लागते. सात-आठ फूट उंचीपर्यंत रचायची सोय मात्र हवी.

आता हिशोब करू. समजा, महिन्याचं भाडं चौरस फुटाला ३० रुपये आहे आणि तुम्ही ६० फूट जागा चार महिन्यांसाठी घेतली. ३० × ६० × ४ म्हणजे ७,२०० रुपये. त्यात दोन वेळचा टेम्पो आणि हमाली धरा. पाच हजारांच्या जुन्या सोफ्यासाठी हा खर्च करण्यात अर्थ नाही. पण फ्रिज, वॉशिंग मशीन, शिलाई मशीन आणि वर्षाचं धान्य वाचणार असेल तर हिशोब बदलतो. दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून जागा घेतली तर भाडं वाटून जातं.

करार आणि विम्याचं काय?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी जागामालकाची असते. खोली किंवा गाळा घेताना हे विसरू नका.

सामान दुसऱ्याच्या ताब्यात दिलं तर भारतीय करार कायदा, १८७२ लागू होतो. कलम १५१ नुसार, सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूंची घेईल तितकी काळजी त्यानं घेणं अपेक्षित आहे. पण किल्ली तुमच्याकडेच असेल तर समोरचा ही जबाबदारी नाकारू शकतो. त्यामुळे चोरी, आग किंवा पाणी यात भरपाई कोण देणार, हे करारात लिहून घ्या.

२०२१ पासून मिळणाऱ्या 'भारत गृह रक्षा' विम्यात पुराचा समावेश आहे. पण घरातल्या सामानाचा विमा त्या घराच्या पत्त्याशी जोडलेला असतो. सामान दुसरीकडं हलवण्याआधी विमा कंपनीला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

जागा घेण्याआधी काय तपासाल?

• २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये तिथं पाणी आलं होतं का? मालकाबरोबरच शेजाऱ्यांनाही विचारा.
• तुमच्या घरापासून तिथं जाणारा रस्ता पुरात सुरू राहतो का?
• भिंतींना ओल आहे का? सामान फळ्यांवर ठेवा आणि भिंतीपासून वीतभर अंतर सोडा.
• फ्रिज पूर्ण कोरडा करून त्याचं दार किंचित उघडं ठेवा.
• गॅस सिलिंडर, पेट्रोल, फटाके ठेवू नका.
• सामानाची यादी आणि फोटो फोनमध्ये ठेवा.
• सातबारा, दाखले, बँकेची कागदपत्रं आणि दागिने अशा खोलीत ठेवू नका. कागदपत्रांच्या प्रती डिजिलॉकरमध्ये आणि मूळ प्रती हाताशी असलेल्या पिशवीत ठेवा.

आणि सामान हलवायला ४० फुटांची वाट पाहू नका. तोपर्यंत सूर्यवंशी प्लॉटमध्ये पाणी आलेलं असतं आणि टेम्पोवाल्याचा फोन लागत नाही.