बाजार, भामटे आणि भेटी

दोन मुलांच्या खिशात गोट्या खुळखुळू लागल्या, की तिथे बाजार भरलाच म्हणून समजावे. एका काचेच्या गोटीला मातीच्या दहा, हा भाव कुणी दवंडी पिटून ठरविलेला नसतो; तो शाळेच्या मागच्या भिंतीपाशी आपोआप ठरतो आणि पावसाळा आला की आपोआप उतरतो. या चिमुकल्या बाजारात दोन गोष्टी हटकून घडतात. एखादा थोराड मुलगा पहिलीतल्या पोराला गोड बोलून त्याची चांगली गोटी लांबवतो. आणि दुसरा एखादा, ज्याच्याजवळ एकही गोटी नाही अशा सोबत्याच्या तळहातावर आपल्यातल्या चार मुकाट्याने ठेवतो. मास्तरांनी चिडून गोट्यांची देवघेवच बंद केली, तर पहिली गोष्ट थांबते खरी. पण तिच्याबरोबर दुसरीही थांबते. सुक्याबरोबर ओलेही जळते.

हाच पेच सन २००८ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिज शहरातल्या एका कंपनीपुढे उभा राहिला. तिच्या शाळेत पोरे मात्र चाळीस-पन्नास नव्हती. जगभरची लाखो होती. त्या बाजाराची ही हकिगत आहे.

आधी थोडा खुलासा केला पाहिजे. संगणकावरचे काही खेळ एकट्याने खेळायचे असतात; पण काही असे आहेत, की ज्यांत हजारो माणसे आपापल्या घरी बसून एकाच कल्पित नगरीत एकाच वेळी वावरतात. कुणी तिथे लोहार होतो, कुणी कोळी, कुणी योद्धा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आपल्या संसदेने २०२५ साली कायद्याने बंदी घातली, ते प्रकरण निराळे. इथे गोष्ट आहे ती या कल्पित नगरीत खेळाडू आपसांत जो व्यापार करतात त्याची.

असल्या नगऱ्यांची रीतसर वसाहत १९९७ साली ‘अल्टिमा ऑनलाइन’ या खेळापासून वाढीस लागली. पाठोपाठ १९९९ साली ‘एव्हरक्वेस्ट’ आला. त्यातल्या जगाचे नाव नॉराथ. तिथल्या तलवारी आणि मोहरा लोक ईबेच्या लिलावात खऱ्या डॉलरांना विकू लागले, तेव्हा एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाला कुतूहल वाटले. त्याने त्या लिलावांवरून हिशेब मांडला आणि २००१ च्या अखेरीस जाहीर केले, की नॉराथचे दरडोई वार्षिक उत्पन्न २,२६६ डॉलर भरते. म्हणजे रशिया आणि बल्गेरिया यांच्या दरम्यान. त्या वेळी आपल्या भारताचा आकडा पाचशे डॉलरांच्याही खाली होता! नॉराथमध्ये तासभर राक्षस मारले की ३ डॉलर ४२ सेंट मजुरी पडते, असेही त्याने दाखवून दिले. वाचणाऱ्यांना मौज वाटली. पण जिथे तासावर मजुरी पडते, तिथे आज ना उद्या मजूर येणारच, हे त्या हिशेबातच लिहिलेले होते.

केंब्रिजचा खेळ तो ‘रूनस्केप’. अँड्र्यू गॉवर या तरुणाने आपल्या भावाच्या साहाय्याने तो ४ जानेवारी २००१ रोजी लोकांपुढे आणला. पुढे जॅजेक्स ही कंपनी त्याचा कारभार पाहू लागली. साध्यासुध्या संगणकावरही तो चाले, आणि त्याचा बराच भाग फुकट होता. म्हणून शाळकरी पोरांची तिथे झुंबड उडाली. त्या नगरीत ठरलेल्या भावाची दुकाने होती, पण खरा व्यापार चाले तो व्हॅरॉक आणि फॅलडर या शहरांच्या रस्त्यांवर. कारामजा बेटावर गळ टाकून बसलेला पोरगा शेवंडे पकडून आणी आणि लढाईस निघालेल्या योद्ध्यांना शिदोरी म्हणून विकी. कुणी लाकूड तोडी, कुणी कोळसा खणी, कुणी पोलाद घडवी. मोठ्या पेढीच्या दारात उभे राहून जो तो आपल्या मालाचा पुकारा करी. आठवडी बाजारात जो गलका कानी येतो, तोच इथे अक्षरांच्या रूपाने डोळ्यांपुढे धावत असे. कोळशाचा भाव आज का चढला, याचा विचार बारा वर्षांचा मुलगा आपण होऊन करू लागला. अर्थशास्त्राचा असा धडा पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही.

त्या बाजाराने मोलाचा एक विलक्षण दाखलाही निर्माण केला. २००१ च्या नाताळात कंपनीने नगरीत गमतीचे फटाके वाटले. दोघांनी दोन टोके धरून ओढायचे, आत कागदी टोपी निघायची. टोपी डोक्यावर घालून मिरवण्यापलीकडे तिचा काडीचा उपयोग नव्हता. कित्येकांनी ती फेकूनही दिली. पण तसल्या टोप्या कंपनीने पुन्हा वाटल्या नाहीत. वर्षे लोटली, आणि त्या नगरीत एका ढिगात जास्तीत जास्त जेवढ्या मोहरा मावू शकतात, म्हणजे २१४ कोटींहून अधिक, तेवढ्यांतही काही टोप्या येईनाशा झाल्या. माणसाला वस्तू हवी असते ती उपयोगासाठी, ही समजूत किती अपुरी आहे, हे त्या कागदी टोपीने सिद्ध केले.

बाजार आला तसे भामटेही आले. ‘तुझ्या कवचाला सोनेरी किनार फुकट लावून देतो,’ असे म्हणून कवच हाती घ्यायचे आणि पसार व्हायचे, ही तिथली नामांकित युक्ती. वस्तुतः तशी किनार लावण्याची विद्या त्या खेळात कुणालाच अवगत नव्हती. ‘मोहरा दुप्पट करून देतो’ हा तर आपल्याही ओळखीचा बुवा. पहिल्या दोन खेपांना तो खरोखरच दुप्पट करून देई आणि तिसऱ्या खेपेस गाठोडे घेऊन नाहीसा होई.

मात्र हे किरकोळ चोर. मोठे संकट निराळेच होते. नगरीतल्या मोहरा खऱ्या पैशाला विकण्याचा धंदा जगभर फोफावला. चीनमध्ये खोल्याखोल्यांतून तरुण मुले पाळ्या लावून, दिवसाचे बारा-बारा तास, तेच राक्षस पुन्हा पुन्हा मारीत बसली. २००५ च्या सुमारास अशा कामकऱ्यांची संख्या एक लाखावर असावी, असा अंदाज वर्तमानपत्रांत येऊन गेला. एकाचा खेळ ती दुसऱ्याची बिगारी झाली. शिवाय माणसाऐवजी आपोआप खेळणारी यंत्रकरणी, ज्यांना बॉट म्हणतात, तीही मैदाने अडवून बसली. हे सोनेविके सदस्यत्वाची वर्गणी चोरलेल्या क्रेडिट कार्डांवर भरतात आणि तो भुर्दंड आमच्या माथी येतो, असे जॅजेक्सचे म्हणणे होते. ईबेने २००७ च्या आरंभी असल्या मालाचे लिलाव बंद केले. पण धंदा दुसऱ्या दारांनी चालूच राहिला.

तेव्हा जॅजेक्सने शस्त्र उपसले. २६ नोव्हेंबर २००७ रोजी व्हॅरॉकमध्ये ‘ग्रँड एक्स्चेंज’ नावाची मोठी अडत उघडली. तिथे आपला माल आणि भाव नोंदवून निघून जायचे. गिऱ्हाईक कुठलेही असो, सौदा आपोआप जुळे. डिसेंबरात रानातली मुक्त लढाई बंद झाली, कारण मुद्दाम मरून आपली पुंजी दुसऱ्याच्या पदरात टाकण्याची पळवाट तिथे होती. आणि २ जानेवारी २००८ पासून दोन खेळाडूंमधला व्यवहार तराजूत तोलला जाऊ लागला. दिले आणि घेतले यांच्या सरकारी किमतींत ठरावीक, तुटपुंज्या मर्यादेबाहेर फरक पडला, तर सौदा होईचना.

फसवणूक खरोखर ओसरली. किनार लावणारा आणि दुप्पट करणारा, दोघेही बेकार झाले. सोनेविक्यांचा कणा मोडला. नवख्या पोराला अडतीत रास्त भाव मिळू लागला. तासन्‌तास ओरडत उभे राहण्याचा त्रास चुकला. हा लाभ लहान नव्हता, आणि तो नाकारणे अन्यायाचे होईल.

पण याची दुसरी बाजू पाहा. थोरला भाऊ वर्षभर खेळून मातब्बर झालेला. धाकटा आज प्रथमच नगरीत पाऊल टाकतो. थोरल्याने त्याला एक चांगली ढाल द्यावी म्हटले, तर तराजू आडवा येई: ढालीच्या किमतीचे काय देतोस? धाकट्याजवळ काय असणार! मेहनतीने मिळवलेली तलवार मित्राला वाढदिवसाला देता येईना. खेळ सोडून चाललेल्याला आपली दौलत सवंगड्यांत वाटता येईना. कंपनीच्याही ते ध्यानी आले असावे, कारण २००८ मध्येच तिने वस्तू उसनी देण्याची सोय काढली. पण उसने ते उसने, आणि दिलेले ते दिलेले. यंत्राला चोरी आणि देणगी यांतला भेद कळत नाही. त्याच्या वहीत दोन्हींची नोंद सारखीच: एकाकडून गेले, दुसऱ्याकडे आले, बदल्यात काही नाही. तो भेद मनातला आहे; आणि मन तराजूत घालता येत नाही.

भाव बांधून दिले की काय होते, हे आपल्याकडच्या ज्या वडीलधाऱ्यांनी रेशनचे दिवस अनुभवले त्यांना सांगायला नको. अडतीतला भाव सरकारी दराच्या शेकडा पाचहून वर-खाली जाऊ शकत नसे. मग ज्या कागदी टोपीची खरी किंमत सरकारी दराहून कितीतरी चढी, ती विकायची कशी? लोकांनी तोड काढली. टोपीच्या बदल्यात ठरल्या मोहरा, आणि वर कागदोपत्री महाग पण बाजारात कुणी न विचारणारे भंगार! भंगाराने तराजू समतोल होई आणि सौदा पार पडे. टोळ्या करून एखाद्या मालाचा भाव चढवायचा आणि मागून येणाऱ्या भाबड्यांच्या गळ्यात तो मारायचा, हाही उद्योग त्याच अडतीत रुजला. भामटे गेले नव्हते. त्यांनी नुसता वेष पालटला होता.

तीन वर्षे लोक कुरकुरत राहिले, काही सोडून गेले. अखेर डिसेंबर २०१० आणि जानेवारी २०११ मध्ये कंपनीने खेळाडूंचा कौल घेतला. बारा लाखांवर मते पडली, आणि त्यांतली शेकडा ९१ मुक्त व्यापाराच्या बाजूची निघाली. १ फेब्रुवारीला तराजू उचलला गेला. धोका ठाऊक असलेल्या लोकांनी, त्यांतल्या कितीतरी फसलेल्यांनी, जाणूनबुजून धोका परत मागून घेतला.

आणि धोका आलाच. बॉटांची अशी टोळधाड आली, की त्याच वर्षी ऑक्टोबरात एका दिवसात पंधरा लाख खाती बंद केल्याचे जॅजेक्सला जाहीर करावे लागले. मुक्त व्यापाराची तरफदारी करणाऱ्याने हा आकडा लपवू नये.

इतर नगऱ्यांनी या प्रश्नाची दोन टोकेही गाठून पाहिली. आइसलंडच्या कंपनीने २००३ साली काढलेल्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळातल्या खेळात जवळजवळ प्रत्येक जहाज खेळाडूच खनिज खणून, सुटे भाग जुळवून बांधतात. तिथे फसवणूकही खेळाचाच भाग मानली जाते. २००६ साली एका खेळाडूने बँक काढली, ठेवी गोळा केल्या आणि सुमारे ७९ हजार कोटी खेळातली नाणी घेऊन तो चालता झाला. कंपनीने ठेवीदारांचे पैसे भरून दिले नाहीत. पुढच्या वर्षी त्याच कंपनीने चक्क एक अर्थशास्त्रज्ञ पगारी नेमला. दुसरे टोक ‘डायब्लो ३’चे. २०१२ साली ब्लिझर्ड कंपनीने खेळातच खऱ्या पैशाचे लिलावघर थाटले. चोरबाजारापेक्षा आपलाच उजळ बाजार बरा, असा विचार. पण राक्षस मारून तलवार मिळवण्याऐवजी लोक ती विकतच घेऊ लागले, आणि खेळायचे कारणच उरेना. १८ मार्च २०१४ रोजी ते लिलावघर बंद झाले. बाजार खेळासाठी होता. खेळ बाजारासाठी नव्हता.

खऱ्या जगाची झळ या कल्पित बाजारांना कशी लागते, याचे उदाहरण व्हेनेझुएला देशाचे. तिथले चलन मातीमोल झाले, तेव्हा २०१७ च्या सुमारास तिथली कित्येक माणसे ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’मध्ये ड्रॅगन मारून मिळणाऱ्या मोहरा विकून घर चालवू लागली. हे नियमाविरुद्ध होते. काही खेळाडू त्यांना हुडकून मुद्दाम ठार मारू लागले, तर काही त्यांची बाजू घेऊन भांडू लागले. चोर कोण आणि पोटासाठी राबणारा कोण, हा प्रश्न तिथेही तराजूने सुटला नाही.

याच ‘ओल्ड स्कूल’ची आणखी एक गोष्ट बोलकी आहे. २००७ मधला जुना रूनस्केप हवा, या लोकांच्या हट्टापायी तो २०१३ साली पुन्हा उघडला. त्यात अडत नव्हती; रस्त्यावरचा पुकारा पुन्हा घुमू लागला. पण दोन वर्षांनी, २०१५ मध्ये, त्याच लोकांनी मते देऊन अडत आणवली. म्हणजे त्यांना रस्ता हवा होता, तसाच रास्त भावही हवा होता. नको होता तो फक्त देणाऱ्याचा हात धरणारा तराजू. बाजारात शिपाई असावा, वजनमापे तपासावीत, चोराला हाकलावे. हे सारे खर्चाचे आणि कधी न संपणारे काम आहे. ते टाळण्यासाठी देवघेवच बंद करणे सोपे असते, म्हणूनच त्याचा मोह पडतो.

सणाच्या दिवसांत शेजारी फराळाचे ताट जाते. त्यात किती चकल्या आणि किती करंज्या, याचा हिशेब कुणी ठेवीत नाही. ताट रिकामे परत येत नाही हे खरे; पण त्या घरी यंदा सण नसला, तर आपण आठवणीने ताट पाठवतो आणि परत काय येते याची वाट पाहत नाही. केंब्रिजच्या त्या तराजूत हे ताट बसले नसते. बारा लाख मतांच्या मागे कुठेतरी एवढेच म्हणणे होते.